धागे धरणारी

त्या संध्याकाळी मी परत गेले ती केवळ मेणाचा गोळा द्यायला. ईद दोन दिवसांवर आली होती आणि सकाळी पहिल्या टाक्यालाच मालेमना, म्हणजे माझ्या उस्ताद शिंप्यांना, मेण लागणार होतं. धागा मेणावरून ओढला नाही तर कफ्तानाच्या जाड काठात तो पिंजारतो आणि नको तिथे तुटतो. दुपारी बाजारातून आणलेला गोळा माझ्याच पिशवीत राहून गेला होता. जायला सात मिनिटं, यायला सात. एवढंच काम होतं.

पण आधी धाग्यांबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी काय पाहिलं ते तुम्हाला कळणार नाही.

मालेम तय्यब यांचं दुकान म्हणजे मोरोक्कोतल्या फेझच्या जुन्या शहरातल्या एका बंद गल्लीच्या भिंतीत कोरलेलं कपाटच. जमिनीपासून कमरेइतकं उंच, आत एक माणूस मांडी घालून बसेल एवढंच. आमच्याकडे कफ्तानाचा पुढचा काठ नुसता शिवत नाहीत, त्यावर गोफ विणत जातात. कापड मालेमच्या मांडीवर, सुई त्यांच्या हातात. काठापासून निघालेले चार रेशमी धागे दुकानाबाहेर येतात, गल्ली ओलांडतात, आणि समोरच्या भिंतीला पाठ लावून उभं असलेलं कुणीतरी ते बोटांत ताणून धरतं. मालेमनी टाका घातला की धरणाऱ्याने डाव्या हातातले धागे उजव्यात द्यायचे, उजव्यातले डाव्यात, एकाखालून एक. पडलेला तिढा धाग्यांवरून सरकत काठापर्यंत जातो आणि तिथे सुई त्याला पकडते. टाका, तिढा. टाका, तिढा. एका कफ्तानात असे हजारो. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांकडे बघतही नाहीत. घाई, थकवा, राग, सगळं धाग्यातूनच कळतं.

फ्रान्सला, लिऑनमध्ये मी सहा वर्षं कापडाचा अभ्यास केला. तिथे एकदा सूक्ष्मदर्शकाखाली आमच्याच गावचा एक जुना कफ्तान ठेवला होता. एका बोटाच्या रुंदीत एकवीस तिढे, आणि एकही सैल नाही. दोन माणसांनी, चार हात अंतरावरून! मी तिथे सगळ्यांसमोर रडले आणि त्याच उन्हाळ्यात घरी परत आले. हे काम मरू द्यायचं नाही, असं ठरवूनच आले.

आल्याबरोबर पहिला घोळ मीच घातला. धागे धरायला नेहमी लहान मूल लागतं, कारण त्याची बोटं बारीक असतात आणि ते गुमान उभं राहतं. मालेमकडे अन्वर नावाचा नऊ वर्षांचा मुलगा होता. मी आठवडाभर त्याला बघितलं. मग एका सकाळी त्याचा हात धरला, त्याच्या आईशी भांडले आणि त्याला शाळेत बसवून आले. संध्याकाळी गल्लीत उभी राहून मुलांच्या बालपणावर भाषणही दिलं. समोरचे सपाता विकणारे सी बूश्ता तोंडात पुदिन्याचं पान धरून ते शेवटपर्यंत ऐकत होते.

"छान बोलते," ते म्हणाले. "आता धागे कोण धरणार? हिची पदवी?"

"मी धरीन," मी म्हणाले.

तेव्हापासून दोन महिने मीच धरत होते, आणि वाईट धरत होते. पहिल्या आठवड्यात बोटांच्या बेचक्यात रेशमाने चिरा पडल्या. मालेमना मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, दुधासारखा. उजेड आणि अंधार एवढंच त्यांना कळायचं. पण धागा जरा ढिला पडला की ते सुई थांबवून म्हणायचे, "शामा, धागे धरलेस की खेचराचा लगाम?"

मांडीवरचा कफ्तान त्यांच्या मुलीचा होता. बतूल ही त्यांची एकुलती एक, उशिरा झालेली. ईदच्या दिवशी नवऱ्याकडची माणसं तिची पेटी न्यायला येणार होती, आणि त्या पेटीत बापाच्या हातचा कफ्तान घडी घालून ठेवायचा हा मालेमचा शब्द होता. डोळे जातायत हे त्यांना ठाऊक होतं. हा शेवटचा. दुसरा होणार नव्हता.

"नाही झाला तर भाड्याचा आणू," बतूल एकदा हसत म्हणाली. बापाचं तोंड पडलं तसं तिने हसणं आवरलं.

"शिंप्याची पोर भाड्याच्या कफ्तानात आणि माझी पोर अनवाणी," सी बूश्ता पलीकडून म्हणाले. "गल्लीचं नाव काढतील दोघी!"

त्या कामाची एक रीत आहे. धरणाऱ्याने धागे आपणहून सोडायचे नाहीत, कारण सोडले की तिढे उलगडतात आणि वीतभर काम वाया जातं. थांबायचं झालं की मालेम आधी टाक्याला गाठ मारतात, मग म्हणतात, "अल्ला तुझ्या हातांना बळ देवो." ते ऐकलं की हात खाली आणायचे. तोवर नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. त्या दिवशी रोजा सुटायच्या थोडं आधी त्यांनी मला ते म्हटलं. मी धागे गुंडाळून दिले. दुसऱ्या काठाची दीड वीत उरली होती.

"उद्या होईल ना, मालेम?"

"होईल. तू जा, पोरी. आई वाट बघत असेल."

घरी पोचले तोच रोजा सुटल्याचा भोंगा झाला. तीन खजूर खाल्ले, वाटीभर हरीरा, आमचं डाळीचं सार, प्यायले आणि पिशवीत हात घातला तर मेण. आई म्हणाली, बस, नीट जेव. मी म्हटलं, आलेच. म्हातारा एकटाच असतो, त्याच्यासाठीही थोडा हरीरा नेते. झाकणाचा डबा घेतला आणि निघाले.

रमजानात रोजा सुटल्यावरच्या त्या अर्ध्या तासात आमचं शहर जसं रिकामं होतं, तसं मध्यरात्रीही होत नाही. दुकानांच्या फळ्या अर्ध्या ओढलेल्या, गाढवं तशीच बांधलेली, तराजूच्या पारड्यात निम्मे ऑलिव्ह राहिलेले. प्रत्येक दारामागे चमचे वाजत असतात आणि गल्लीत चिटपाखरू नसतं. वर आकाशाची एक निळी चिंधी. खाली भिंती आधीच काळ्या झालेल्या. माझ्या सपातांचा आवाज मला पुढून ऐकू येत होता, जणू माझ्याच वयाचं कुणीतरी माझ्याकडे चालत येतंय.

गल्लीच्या वळणावर ओल्या चुन्याचा वास आला. मला नवल वाटलं. पाऊस होऊन पाच आठवडे झाले होते.

मालेमच्या दुकानात दिवा नव्हता. त्यांना त्याची गरजही नव्हती. त्यांचं पांढरं डोकं खाली वाकलेलं दिसलं आणि हाक मारायला मी तोंड उघडलं, तोच काहीतरी माझ्या कमरेला टेकलं. बारीक आणि ताठ.

"वाकून ये," मालेम अगदी हळू म्हणाले. "तुटेल."

ते चार धागे होते. दुकानातून निघून गल्ली ओलांडून समोर गेलेले.

माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? मला राग आला. म्हटलं, म्हाताऱ्याने माझ्या पाठीमागे कुणाचं तरी पोर आणलं. रोजा सुटायच्या वेळेला! उपाशी! डबा खाली ठेवून मी तरातरा धाग्यांच्या कडेने पलीकडे गेले.

पलीकडे कुणी नव्हतं.

मालेमच्या समोर, सी बूश्तांच्या दुकानाला लागून, एक पडकं घर आहे. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी पडलेलं. त्याच्या तोंडाशी उभ्या फळ्या ठोकलेल्या आहेत आणि वरून लाकडी टेकू दिलेत. दिवसा मी त्याच फळ्यांना पाठ लावून उभी राहते. दोन फळ्यांमध्ये जमिनीपासून पार वरपर्यंत एक बोटभर फट आहे. चारही धागे त्या फटीतून आत गेले होते. माझ्या कमरेच्याही खाली, दहा वर्षांच्या मुलीचे हात असतील तेवढ्या उंचीवर.

मी बघत असतानाच मागे सुई कापडातून गेल्याचा आवाज आला. टच्. आणि फटीच्या आत धागे हलले. दोन इकडून तिकडे, दोन तिकडून इकडे. तिढा अंधारातून बाहेर आला, माझ्या पोटासमोरून सरकत गेला आणि काठाला जाऊन बसला.

टच्. पुन्हा तिढा.

किती सुरेख होतं ते... मला ओरडायला हवं होतं. पण आधी मला हेच वाटलं, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

"मालेम," मी म्हणाले. "आत कोण आहे?"

"यामना."

"कोण यामना?"

सुई थांबली नाही. बोलण्याच्या मध्ये मध्ये टाका पडत होता. "माझ्या उस्तादांच्या शेजारची. दहा वर्षांची, आईबाप नव्हते. मी बावीस वर्षांचा, नवा मालेम. ती धागे धरायची. तिच्यासारखं... कुणी धरलं नाही. तीन दिवस पाऊस लागला होता. मी म्हटलं, यामना, थांब हां, पेलाभर चहा पिऊन येतो. सोड म्हणालो नाही. तिढा बिघडला असता ना."

टच्.

"मागून घर तिच्यावर कोसळलं. आम्ही रात्रभर उपसत होतो. सापडली तेव्हा हात वर होते, शामा. चारही धागे बोटांत. एकसुद्धा सोडला नव्हता."

मी फळ्यांपासून लांब झाले. माझी पाठ दुकानाच्या कट्ट्याला लागली तेव्हा मला कळलं की मी मागे मागे चालत आलेय.

"चाळीस दिवसांनी मी बसलो. एकटा. धागे समोरच्या खिळ्याला अडकवले होते. खिळ्यावरून ते निघाले... आणि ताठ झाले. मी भ्यालो. अल्ला शपथ, भ्यालो. पण हात सवयीने गेला. टाका घातला. तिकडून तिढा आला." त्यांनी काठावरून अंगठा फिरवला. "काय तिढा होता! मग माझ्याच्याने ते म्हणवलं नाही."

"काय म्हणवलं नाही?"

"हातांना बळ देवो."

त्यांनी म्हटलं नव्हतं. पन्नास वर्षं. आणि ते म्हटल्याशिवाय धरणाऱ्याने धागे सोडायचे नसतात.

"पन्नास वर्षं रोज उभी केलीत तिला?"

"रोज नाही ग. वर्षातून एकदोनदा, अगदीच अडलं तर. जिवंत मूल धागे धरायला असलं की ती येत नाही. म्हणून तर मी एकामागून एक पोरं ठेवत आलो. लोक म्हणायचे, तय्यब खाऊपिऊ घालतो, पोरांना जपतो. जपायचो, कारण पोरं होती म्हणून यामना निवांत होती."

"आणि अन्वरला मी नेल्यापासून?"

त्यांनी डोकं वर केलं. पांढरे डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे लागले होते.

"रोज," ते म्हणाले.

गल्लीत एका घरात कुणीतरी मोठ्याने हसलं, भांडं पडलं, पुन्हा शांत झालं. मी म्हणाले, "पण दिवसा मी धरते की. मी असते ना?"

"तू नऊ-दहा वर्षांचं मूल नाहीस, पोरी. आणि तू विणतेस ते मी संध्याकाळी उसवतो. वाईट वाटून घेऊ नकोस. बतूलच्या अंगावर घालण्यासारखं नसतं ते."

दोन महिने मी मनात त्या काठाची लांबी मोजत होते, रोज वीतभर पुढे जाणारा काठ. माझा. आईलाही दाखवून झाला होता.

"आत्ता म्हणा," मी म्हणाले. "मालेम, आत्ता. या क्षणी. सोडा तिला."

"एक वीत राहिलीय."

"मी धरते उरलेलं."

"तू?" ते चिडले नाहीत. त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि काठावर नेला. "बघ. डोळ्यांनी नको, बोटाने बघ."

मी बोट फिरवलं. लिऑनच्या काचेखाली पाहिलं होतं ते पहिल्यांदा हाताला लागत होतं. गोफ असा की टाका कुठे संपतो आणि तिढा कुठे सुरू होतो ते कळेना. नदीच्या वाळूवर वाऱ्याने उमटवलेल्या रेघा असतात तसा. रेशीम गार होतं आणि त्याच्या आत काहीतरी एकसारखं, सबुरीने चाललेलं होतं, झोपलेल्या माणसाच्या मनगटावर लागतं तसं. चार पेडांत एकही ढिला नव्हता, एकही रागावलेला नव्हता.

शाळेसाठी अन्वरच्या आईशी भांडणारी, गल्लीत भाषण देणारी मी. मी काय केलं असेल असं तुम्हाला वाटतं?

मी कट्ट्यावर बसले आणि गप्प राहिले. एक वीत.

टच्. तिढा. टच्. तिढा. मी मोजत होते आणि मोजणं विसरत होते. मधेच मालेमचा धागा सुईतून निसटला तर मी तो ओवून दिला. हो, मी मदत केली. समोरचे धागे तेवढा वेळ स्थिर राहिले, जरासुद्धा थरथरले नाहीत. ओल्या चुन्याचा वास इतका दाट झाला की जिभेवर त्याची चव लागली. एकदा तर मी जवळजवळ "वा" म्हणाले.

मग सुई थांबली. मालेमनी गाठ मारली, अंगठ्याने दाबली आणि काठ माझ्या दिशेने कट्ट्याच्या कडेवर ठेवला. धागे अजून तसेच.

"झालं," ते म्हणाले. "उद्या पेटीत जाईल."

"म्हणा, मालेम."

"म्हणतो."

पण म्हणेनात. हात मांडीवर उलटे पडले होते. म्हाताऱ्या बोटांना आता काही धरायला नव्हतं.

"ती गेली की माझी सुईही गेली, शामा."

"हो."

"त्यानंतर मी म्हणजे नुसता एक आंधळा."

"नुसता कसा? बतूलचा बाप. आणि मला शिकवणार आहात. मी मूल नाही, पण शिकेन. दहा वर्षं उसवत बसा हवं तर." मला रडू यायला लागलं होतं. "ती उभी आहे, मालेम. ती दहाच वर्षांची होती."

त्यांनी तोंड पुसलं, डोक्यावरची टोपी सारखी केली, मशिदीत शिरताना करतात तशी. मग अंधाराकडे बघत, मला कधीच म्हणाले नव्हते अशा आवाजात म्हणाले, "यामना. बेटी. अल्ला तुझ्या हातांना बळ देवो. चहाला फार वेळ लागला मला. माफ कर. सोड आता."

काही क्षण काहीच झालं नाही.

मग धागे ढिले पडले. पडले म्हणजे टाकले गेले नाहीत. शिकलेल्या हाताने ठेवावेत तसे हळू खाली आले आणि फरशीवर निजले. चुन्याचा वास गेला. कुठल्यातरी घरातून तळलेल्या माशाचा आणि कोथिंबिरीचा वास आला आणि मला किती भूक लागलीय ते कळलं.

मालेमनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. बोटांच्या आडून त्यांनी विचारलं, "गेली?"

मी खाली बघितलं. फरशीवर तीन धागे होते.

चौथा अजून ताठ होता. फटीत तो आता कमरेच्या खाली नव्हता. मी बघत असताना तो फळ्यांमधून सावकाश वर सरकत गेला, माझ्या छातीवरून, खांद्यावरून, डोक्याच्याही वर, यामनाचाच काय, माझाही हात पोचणार नाही इतक्या उंच गेला आणि तिथे थांबला. बतूलच्या कफ्तानाचा काठ कट्ट्यावरून किंचित उचलला जायला लागला. मी त्यावर तळहात दाबून धरला.

"शामा? पडले का सगळे धागे?"

"हो, मालेम," मी म्हणाले. "चारही."

ते हुंदका देऊन हसले. माझ्या तळहाताखाली रेशीम हललं. वर, फटीत, तो धागा एकदा डावीकडून उजवीकडे गेला आणि थांबला, पुढच्या टाक्याची वाट बघत.